खाचरांचं पुन्हा रान झालं

बिरवाडीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. एका सहामाहीला सहावीच्या पेपरात मी अगदी सोपा प्रश्न घातला होता: आपल्या परिसरात आढळणाऱ्या दोन वन्यप्राण्यांची नावं लिहा. पोरांना दोन गुण फुकटात मिळावेत, एवढाच हेतू. पेपर तपासायला बसले तर बहुतेकांनी सिंह लिहिलेला. काहींनी जिराफ. एकीनं तर पेंग्विन लिहिला होता आणि वर त्याचं छान चित्रही काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं, “भेकर कुणी पाहिलंय?”

एकही हात वर गेला नाही. त्यातली कितीतरी मुलं डोंगरावरच्या वाड्यांमधून एसटीनं येणारी. संध्याकाळी त्यांच्या परसामागे भेकर, ते लहानसं हरीण, कुत्र्यासारखं भुंकत असणार आणि त्यांनी ते ऐकलेलंही असणार. पण ते भुंकणारं जनावर आणि पुस्तकातला ‘वन्यप्राणी’ या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. पुस्तकातला प्राणी म्हणजे लांबचा, चकचकीत कागदावरचा. आपल्या मागच्या डोंगरात राहतो तो कसला प्राणी!

ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि मी माहेरी गेले.

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यात. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठापासून डोंगराकडे पायऱ्यांसारखी चढत गेलेली आमची भाताची खाचरं, आणि त्यांच्या माथ्यावर नाचणी-वरीचं वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. आम्हाला भाऊ नाही. ताई मुंबईला मोठ्या इस्पितळात परिचारिका होती, मी लग्न होऊन बिरवाडीला, नवरा तिथल्याच कारखान्यात. वडील होते तोवर आईनं आणि त्यांनी मिळून सगळं रान कसलं. वडील गेल्यावर आई एकटीनं काही वर्षं रेटत राहिली. पण गावातली माणसं मुंबईला गेलेली, लावणीला हात मिळेनात आणि जे पिकेल ते डुकरं नि वानरं खाऊन जात. शेवटी एक-एक खाचर ओसाड पडत गेलं. मी गेले तेव्हा सगळीकडे रानमोडीचं तण माजलं होतं, डोक्याएवढं, वाटसुद्धा दिसेना.

त्याच दिवाळीत ताईही नोकरी संपवून कायमची गावी आली होती. आणि चुलतभाऊही आला होता. त्याचं रान आमच्या बांधाला लागून. तो मुंबईत टॅक्सी-टेम्पोच्या धंद्यात, माणूस मनानं वाईट नाही, पण घाईचा. ओटीवर बसून चहा पिता पिता त्यानं विषय काढला.

“काकी, पुण्याची एक पार्टी हाय. एकदम जेन्युइन. फार्महाऊस करायचंय त्यांना. माझं नि तुमचं रान एकत्र दिलं तरच घेणार. जेसीबी लावून सपाट करतील, रस्ता काढतील. तो बांधावरचा बेहडा पण कुणीतरी लाकडाला नेईल.”

ताई म्हणाली, “आम्ही जरा रान बघून येतो.”

आम्ही दोघी बहिणी कोयता घेऊन निघालो. रानमोडी तोडत तोडत खालच्या खाचरापर्यंत पोहोचलो. त्या खाचराचा बांध अजून शाबूत होता आणि आत पाणी साठलं होतं. कडेच्या चिखलात नुसते खूर उमटलेले, लहान-मोठे, एकावर एक. भेकराचे मला ओळखता आले. डुकरांनी लोळून केलेला खड्डा होता. पाण्यावर चतुर भिरभिरत होते. आणि आम्ही बोलायच्या थांबलो तशी पलीकडच्या उंबरावरून एक शेकरू उड्या मारत गेलं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं.

ताई तिथंच बांधावर बसली. मुंबईच्या वॉर्डात तिनं सगळा जन्म काढला होता. ती म्हणाली, “आपण सोडलं तर हे सगळे आले बघ राहायला. आता त्यांना उठवून कुठं घालवायचं?”

मी तिला पेपरातल्या सिंहाची आणि पेंग्विनची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “पोरांना इथंच आणून दाखवलं तर?”

तिथून हे सुरू झालं. ठरवून, आराखडा काढून वगैरे काही नाही. दोन बहिणी बांधावर बसून बोलल्या, एवढंच.

खरी अडचण घरी होती. आईला आम्ही सांगितलं, रान विकायचं नाही, पण पिकवायचंही नाही. पाणी धरायचं, आपली झाडं लावायची, जनावरांना राहू द्यायचं आणि शाळेतल्या मुलांना आणून दाखवायचं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“डुकरं पोसायची? माझ्या रानात?”

“अगं आई, नुसती डुकरं नाहीत...”

“सारा जन्म माळ्यावर बसून डबे वाजवलेत मी. तुझ्या बापाचा घसा बसला ओरडून ओरडून. दाढा नि शेपट्या घेऊन आलेल्या साऱ्यांना हाकलून भात घरात आणला, म्हणून तुम्ही शिकलात. आणि आता त्यांनाच आवतण द्यायचं? नाय गो बाय. मला नाय पटत.”

तिचं चुकीचं नव्हतं. ज्यांच्याशी ती जन्मभर लढली त्यांच्या हाती शेत द्यायचं, असंच तिला वाटणार. आम्ही वाद घातला नाही. ताई गावातच राहणार होती, तिनं नुसतं काम सुरू केलं. रोज सकाळी कोयता घेऊन जायचं आणि रानमोडी मुळासकट काढायची. चार-सहा दिवस आई ओटीवर बसून तिला जाताना बघत राहिली. मग एका सकाळी पदर खोचून तिच्या आधी वाटेला लागली.

“तुला कोयता धरता येत नाय,” एवढंच म्हणाली.

पण तिनं एक अट घातली. घराजवळचं मोठं खाचर भाताचंच राहील. “तिथं मी लावणी करणार. डुकरं आली तर डबे वाजवणार. बाकीचं तुमचं काय ते करा.” आम्हाला ती अट आनंदानं मान्य होती. पुढे त्या खाचराचा उपयोग असा झाला की आम्हालाच नवल वाटलं. शाळेची मुलं यायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी तिथंच. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांची मुलं, त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात चिखलात पाय घातला नव्हता. आई त्यांच्या पुढे वाकून रोप कसं धरायचं ते दाखवायची आणि कुणी वाकडं लावलं तर उपटून पुन्हा लावायला लावायची. बाई म्हणून मी आजवर जेवढी कडक झाले नाही तेवढी ती पहिल्याच दिवशी होती.

पहिली दोन वर्षं निव्वळ अंगमेहनतीची. पडलेले बांध गावातल्या बायकांच्या मदतीनं पुन्हा रचले, म्हणजे पावसाळ्यानंतरही पाणी थांबेल. वरकसावर ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, आवळा अशी इथलीच झाडं लावली. सुट्टीच्या दिवशी मी बिरवाडीहून जायची, नवरा यायचा, त्याचे कारखान्यातले सोबतीही यायचे. जुन्या खळ्यावर पत्र्याची छोटी शेड घातली, मुलांना बसायला. आम्ही काही कुणी तज्ज्ञ नव्हतो. विचारत, वाचत, चुकत शिकलो. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली, त्यांनी रोपं दिली.

भांडण मात्र एक झालंच. आमच्या माथ्यावर गुराख्यांची वाडी आहे. तिथलं एक जोडपं वर्षानुवर्षं आपली गुरं आमच्या वरकसावरून पऱ्यावर पाण्याला आणायचं. रान ओसाड असताना कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता. आता आमची कोवळी रोपं गुरं खाऊ लागली. ताईनं काटेरी कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी ते मोडलेलं. पुन्हा घातलं, पुन्हा मोडलं. मग एकदा ताई आणि तो माणूस समोरासमोर आले.

“आमच्या बापजाद्याची वाट हाय ही,” तो म्हणाला. “तुमी भेकराला येऊ देता नि माझ्या गाईला नाय?”

संध्याकाळी ताईनं मला फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं. कुंपण मात्र आम्ही आणखी दाट केलं आणि गुरं अडली.

मग आला तो वणवा.

होळी जवळ आली होती. आमच्या भागात त्या दिवसांत डोंगर जळतातच. कुणी गवतासाठी लावतं, कुणी नुसती विडी टाकतं. रविवार होता म्हणून मी गावीच होते. दुपारची जेवणं आटोपून आम्ही तिघी ओटीवर टेकलो होतो, तेवढ्यात आई उठून उभी राहिली. तिला आधी वास आला. मग आम्हाला डोंगराच्या सोंडेवरून धूर उतरताना दिसला, आणि वारा आमच्याच बाजूचा.

आम्ही धावलो. वरकसावर पोहोचेपर्यंत आग माथ्यावर आली होती. वाळलेलं गवत कमरेएवढं. गुरं अडवल्यामुळे त्या वर्षी ते कुणी खाल्लंच नव्हतं. ते असं पेटत होतं की जवळ उभं राहवेना. ताईनं नि मी हिरव्या डहाळ्या तोडून बडवायला सुरुवात केली. दोन बायका किती बडवणार? एकीकडे विझवावं तर दुसरीकडे भडका. आम्ही दोन वर्षं वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत काळी पडत होती. ताई रडत रडत बडवत होती. मी तिला आयुष्यात तशी रडताना पाहिली नव्हती.

तेवढ्यात धुरातून वरच्या अंगानं माणसं खाली उतरताना दिसली. पुढे तोच गुराखी, मागे त्याची बायको, त्यांच्या मागे वाडीतली आणखी माणसं. सगळ्यांच्या हातात डहाळ्या नि कोयते. ते सरळ आमच्या रांगेत उभे राहिले.

आणि मग खालून आईचा आवाज आला. ती बांधावर उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“वरचं जाऊ द्या! गेलं ते गेलं! बांध धरा! बांधाच्या खाली येता कामा नये!”

तिचं बरोबर होतं. आम्ही हट्टानं वर लढत होतो. सगळे मागे सरकलो. कोयत्यांनी बांधालगतचं गवत सपासप कापून मोकळा पट्टा केला, आई आणि धूर बघून धावत आलेल्या गावातल्या बायका खालच्या खाचरातलं पाणी हंड्यांनी भरभरून तो पट्टा भिजवत राहिल्या. आग पट्ट्यापर्यंत आली, घुटमळली, आणि तिथंच बसली. खालची सगळी खाचरं, उंबर, बेहडा, पाणी वाचलं.

नंतर आम्ही सगळे बांधावर ओळीनं बसलो. तोंडं काळी, डोळे लाल. आईनं मोठ्या टोपात चहा करून आणला. मग गुराखी म्हणाला, “काकी, एवढं गवत ठेवलंव, ते पेटणार नाय तर काय होणार?”

ताई म्हणाली, “मग काय करायचं? गुरं सोडली तर झाडं जातात.”

आईनं चहाची कपबशी खाली ठेवली आणि बसल्या जागी न्याय केला. “कडेकडेनं रुंद पट्टा सोडा. तो याच्या ढोरांचा. पावसाळा सरला की तिथलं गवत खाऊन साफ करायचं. पाण्याची वाट पण त्याच पट्ट्यातून. पण ऐक रे,” तिनं गुराख्याकडे बोट केलं, “पट्ट्याच्या आत एका झाडाला जरी तोंड लावलंन ना, तर ढोर माझ्या दारात बांधीन नि तुला न्यायला लावीन.”

तो हसला. “चालंल काकी.”

आजतागायत तो पट्टा तसाच आहे. त्याच्या गाई दर वर्षी आमची जाळरेषा चरून काढतात. त्यानंतर डोंगर पेटला नाही असं नाही, पेटला, पण आमच्या हद्दीत आग शिरली नाही. आणि वरकसावर जी झाडं जळून गेली असं आम्ही धरून चाललो होतो, त्यातल्या बऱ्याच ऐनांना पहिल्या पावसानंतर बुडातून पालवी फुटली.

ताईचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. शेडमध्ये ती दर महिन्याला सापांविषयी बोलायची. मुलांसाठी म्हणून सुरू केलं, पण मोठी माणसंच जास्त यायची. कुठला साप विषारी, कुठला नाही, चावल्यावर काय करायचं. तिचं बोलणं वॉर्डातल्या सिस्टरसारखं, थोडक्यात आणि दरडावून. “पळायचं नाही. दोरी आवळून बांधायची नाही. कापायचं नाही. अंगारा नाही. हात-पाय हलवू द्यायचा नाही आणि सरळ महाडचं इस्पितळ गाठायचं.” प्रत्येक वेळी सगळ्यांकडून ती हे मोठ्यानं म्हणून घ्यायची. लोक हसायचे, पण म्हणायचे.

एका सकाळी गुराख्याची बायको पट्ट्यात गवत कापत होती आणि तिला फुरसं चावलं. आमच्याकडे फुरशानं कितीतरी माणसं नेली आहेत. पूर्वी अशा वेळी माणसाला आधी मांत्रिकाकडे उचलून नेत. ती बाई मात्र जागच्या जागी खाली बसली. नवरा घाबराघुबरा होऊन दोरी शोधायला लागला तर तिनंच त्याला थांबवलं.

“ताईनं काय सांगितलंय? दोरी नाय बांधायची. मला उचला नि गाडी बघा.”

तिला चादरीत उचलून खाली रस्त्यावर आणलं. ताई सोबत गेली. वाटेत ती बाई ताईला सारखं विचारत होती, “मी हलले नाय ना गो? बरोबर केलं ना?” इस्पितळात वेळेवर इंजेक्शनं मिळाली. काही दिवसांनी ती घरी आली, पायावर सूज होती, पण चालत होती. पुढच्या महिन्यात ताईच्या शेडमध्ये तीच उभी राहून सांगत होती, आणि ती सांगत असताना कुणी हसत नव्हतं. आता सापांचा तास बहुतेक वेळा तीच घेते. पोलादपूरच्या एका शाळेनं तिला मुद्दाम बोलावून नेलं. परतल्यावर ती आईला म्हणाली, “काकी, मला टेबलावर पाणी ठेवलं व्हतं, बाटलीतलं.” दोघी किती तरी वेळ हसत होत्या.

आता गरुडाचं सांगायला हवं, कारण त्यानं आमच्या रानाचं नाव दूरवर पोचवलं.

पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. आमच्याकडे गरुडच म्हणतात. केवढा थोरला पक्षी, पिवळी वाकडी चोच, त्यावर शिरस्त्राणासारखा फुगवटा. उडतो तेव्हा पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो. आई म्हणायची, तिच्या लग्नाच्या वेळी पऱ्याकाठच्या झाडांवर यायचे. “आता कुठचे! घाट चढून गेले ते. परत नाय यायचे,” असं ती छातीठोकपणे सांगायची.

एका वर्षी थंडी सरत आली तेव्हा ताईचा शाळा सुटायच्या वेळेला फोन आला. “बेहड्यावर काय आलंय बघायला ये. आईला सांगू नकोस काय आहे ते. तिची तिला बघू दे.”

चुलतभावाच्या बोलण्यात लाकडासाठी जाणार होता तो हा बेहडा. वादळात त्याची एक फांदी मोडली होती आणि खोडात ढोली पडली होती. त्या ढोलीशी एक गरुड बसलेला. आतून मादीची चोच मागेपुढे हलत होती. ती ढोलीचं तोंड आतून लिंपत होती, एक फट शिल्लक ठेवून.

आईला आम्ही हात धरून नेलं. डोळ्यांवर हाताची सावली करून ती बराच वेळ बघत राहिली. नराची चोच फटीत गेली, उंबराचं फळ आत पोचवून बाहेर आली. पुन्हा एक. पुन्हा एक. आई हळू आवाजात म्हणाली, “बाळंतीण हाय ती. आत बसलेय. हा बघ कसा भरवतोय तिला.” थोड्या वेळानं तिनं पुढे जोडलं, “बरा दादला मिळाला.”

त्या दिवसापासून बेहड्याचा कारभार आईनं हातात घेतला. आम्ही लांबवर कारवीचा कूड घालून आडोसा केला, त्याच्या फटींतून बघायचं. रायगड बघून पाचाडला जेवून येणाऱ्या शाळांच्या सहली त्या हंगामात आमच्याकडे वळू लागल्या. सहलीची पोरं म्हणजे काय, बसमधून उतरतानाच कलकलाट. पहिल्या शाळेची मुलं वाटेनं ओरडत आली तशी आई आडव्या हातानं वाट अडवून उभी राहिली.

“काय रे, बाळंतिणीच्या खोलीपुढं असा आरडाओरडा करता काय तुमच्या घरी?”

पोरं चपापली. एकानं हळूच विचारलं, “कोण बाळंतीण, आजी?”

“चला, दाखवते. पण श्वास पण हळू.”

मी इतकी वर्षं वर्गात ‘शांत बसा’ म्हणत आले आहे. अख्खी सहल कुडामागे चिडीचूप बसलेली मी त्या दिवशी पाहिली. नर आला, पंखांचा तो मोठा आवाज झाला, तेव्हा पोरांच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. एक मुलगी परत जाताना आईच्या पाया पडली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात चुलतभाऊ बायको-मुलीसह गावी आला. फार्महाऊसचं फिसकटल्यापासून तो आमच्याशी तुटकच होता. पण मुलगी रोज आईबरोबर कुडामागे जाऊन बसू लागली. मादी ते यायच्या आधीच लिंपण फोडून बाहेर आली होती. पिसं विसकटलेली, शेपूट चुरगळलेली, फांदीवर बसून अंग साफ करत होती, आणि आई तिला बघून म्हणाली होती, “न्हाऊ घालायला पाहिजे हिला.” पिल्लू मात्र अजून आत होतं. एका सकाळी ती मुलगी धापा टाकत घरी आली. “आलं, आलं! पिल्लू बाहेर आलं!” आम्ही सगळे गेलो, चुलतभाऊही. पिल्लू ढोलीच्या तोंडाशी येऊन बसलं होतं. आईबाप समोरच्या झाडावरून साद घालत होते. ते पुढे झुकलं, मागे आलं, पुन्हा झुकलं. मग एकदम त्यानं अंग झोकून दिलं. खाली पडतंय की काय असं वाटेपर्यंत घसरलं, पंख सावरले, आणि धडपडत जाऊन उंबरावर बसलं.

चुलतभाऊ टक लावून बघत होता. त्याची मुलगी त्याचा शर्ट ओढत म्हणाली, “पप्पा, हे आपलं आहे?”

“हो. आपलंच,” तो म्हणाला.

दिवाळीत त्यानं स्वतःहून आईला सांगितलं, आमचंही रान तुमच्यातच धरा. दोन रानांमधला बांध आम्ही तोडला नाही, पण आता त्या बांधावरून मुलं एका खाचरातून दुसऱ्यात जातात.

आज सगळं सुरळीत आहे असं नाही. वानरं आईचं भात खातात आणि ती अजून डबे वाजवते, मुलांच्या देखत, आणि मुलांना ते फार आवडतं. रानमोडी काढत राहावी लागते. पण माझ्या सहावीच्या वर्गाला आता मी परिसरातले प्राणी विचारले, तर दोन काय, पान भरून उत्तरं येतात. भेकर, शेकरू, उदमांजर, साळिंदर, खवले मांजर. आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘हे मी स्वतः पाहिले आहे.’ ते वाक्य वाचताना माझी मान ताठ होते, ते मी लपवत नाही.

परवा आईला डोळे दाखवायला महाडला नेलं होतं. परतीच्या एसटीत गर्दी होती, आम्ही मागच्या बाजूला. आमच्या थांब्याला नाव नाही. पूर्वी आम्ही ओरडून सांगायचो, ‘पुलाच्या पुढं थांबवा.’ त्या दिवशी मी उठायच्या आधीच कंडक्टरनं घंटी वाजवली आणि मागे वळून हाक दिली, “पोरींचं रान! पोरींचं रान कोण उतरणार?”

मी आईकडे पाहिलं. हे नाव आम्ही दिलेलं नव्हतं. कुणी दिलं तेही माहीत नाही. कुणाच्या तरी तोंडून निघालं असेल आणि खोऱ्यात फिरलं असेल. बसमधली दोन-तीन माणसं मागे वळून आमच्याकडे बघू लागली.

आई सीटवरून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, पिशवी माझ्याकडे न देता स्वतःच्या काखेत घेतली आणि भरल्या बसमधून, एकेक पाय टाकत, कसलीही घाई न करता दाराकडे चालत गेली.

“चला आजी, चला लवकर,” कंडक्टर म्हणाला.

“उतरते रे,” आई म्हणाली. “माझंच रान हाय ते. कुठं पळून नाय चाललं.”